मंगळवारी वारलेल्या बाईची टर्फ

विनिफ्रेड लॅव्हेल, निवृत्त नर्स आणि शिक्षिका, ड्रमशील वाडी, वय सत्त्याऐंशी, राहत्या घरी शांतपणे वारल्या. मंगळवारी सकाळच्या बातम्यांनंतर जिल्ह्याच्या रेडिओने तसं सांगितलं, आणि आयर्लंडच्या आमच्या मेयो जिल्ह्यात रेडिओने ज्याला मेला म्हटलं तो मेला. तर हे झालं. आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचावं, कारण विनीमावशीनेही तेच केलं. तिने उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्याने उडवलं, मीठ घातलं आणि म्हणाली, "वय बरोबर सांगितलंन."

खरी सुरुवात मार्चमध्ये झाली. मावशी जळणाच्या टर्फची टोपली घेऊन मागच्या पायरीवर पडली. तिचा भाचा कोलमन शेजारच्याच घरात राहतो, साठीचा आहे, बायको नाही, गुरं आहेत. तो धावत आला आणि काखेत हात घालून तिला उचलू लागला. मावशीने अर्ध्यावरून त्याला पुन्हा खाली ठेवायला लावलं. "काखेतून उचलतात होय रे? खांदा उतरेल. गुडघा वाकव. माझा नाही, तुझा." तिला बरोबर उचललं जाईपर्यंत ती तीनदा जमिनीवर जाऊन आली. मनगट मोडलं होतं ते पडल्यामुळे की शिकवल्यामुळे, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही.

मग डब्लिनहून कोलमनची मोठी बहीण अट्रॅक्टा आली. तिने तालुक्याच्या गावातल्या वृद्धांच्या होममध्ये एक खोली बघून ठेवली होती.

"छान खोली आहे मावशी. मोठी खिडकी आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

"मोकळी जागा."

"गाड्या लावायची," मावशी म्हणाली. "त्या खोलीत मी माणसं मरताना बघितलीत. सगळी गाड्यांकडे बघत मेली."

दोन तास वाद झाला आणि शेवटी ठरलं ते असं: पंधरा ऑगस्टच्या आत दलदलीतली टर्फ घरी आली, तर मावशी हिवाळाभर घरी. नाही आली, तर होम. टर्फ म्हणजे दलदलीतून विटेसारखी कापलेली काळी माती. वसंतात कापायची, उन्हावाऱ्यावर वाळवायची आणि हिवाळाभर चुलीत घालायची. मावशीच्या घरात दुसरी ऊब नव्हती आणि दुसरी ती घेतही नव्हती. तिने करार कोलमनकडून कागदावर लिहून घेतला, त्याच्या दोन चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि मग सही केली.

आपला स्वभाव संशयी नाही, चौकस आहे, असं मावशी म्हणायची. पंचवीस वर्षं सायकलवरून घरोघर जाऊन पांघरुणं उचलून बघितलेली बाई. पांघरुणाखाली काहीच नसेल, हे तिला पटायचं नाही. तिची धाकटी बहीण उना दुसऱ्या बाळंतपणात गेली. त्या दिवशी मावशी तीन मैलांवर दुसऱ्याच बाईचं बाळंतपण करत होती. याबद्दल ती कधी बोलली नाही आणि वाडीतही कधी कोणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मेव्हण्याने इंग्लंडची बोट धरली. तीन वर्षांची अट्रॅक्टा आणि सहा दिवसांचा कोलमन मावशीच्या पदरात आले, आणि लग्न ठरलेलं होतं ते तिने एका पोस्टकार्डावर मोडलं. शाळेत जायला लागल्यावर कोलमनने एकदा तिला आई म्हटलं. मावशीने त्याला हाताला धरून उनाच्या कबरीपर्यंत चालवत नेलं, म्हणाली, "आई ही. मी मावशी. चुकायचं नाही." तो पुन्हा चुकला नाही.

पुढे वीस वर्षं तिने नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. चादरीचे कोपरे, ताप, आंघोळ, मढं कसं धुवायचं, सगळं. ती सवय गेली नाही. आता तिच्याकडे सरकारकडून ब्रीज नावाची बाई आठवड्यातून तीनदा मदतीला यायची, आणि मावशी तिला दर शनिवारी गुण द्यायची. हात धुणे, सहा. बोलणे, तीन, जास्त झाल्यामुळे. समोरचं काम न सांगता ओळखणे, चार.

"चार का हो बाई?" ब्रीज विचारायची.

"विचारावं लागतंय, म्हणून चार."

जूनभर पाऊस पडला. कोलमन टर्फच्या विटा उभ्या करत होता. पाच एकमेकींना टेकवून आणि सहावी वर आडवी, असे हजारभर ढीग. विटा लोण्यासारख्या मऊ, उचलली की अर्धी हातात आणि अर्धी गमबुटावर. वाकून वाकून त्याच्या कमरेत कळ भरली की तो दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, कोणाला तरी नमस्कार करत असल्यासारखा उभा राहायचा. कानात, नाकात, भुवयांत चिलटं. मावशी मोठ्या चाकांचा वॉकर घेऊन दलदलीच्या रस्त्यावर उभी राहायची आणि बघायची.

"जवळजवळ लावतोयस. वारा कुठून जाणार?"

"मावशी, पन्नास वर्षं लावतोय मी."

"तेच विचारतेय. पन्नास वर्षं असंच लावतोस, की याच वर्षी?"

कोलमनने पुढची वीट टेकवली. मावशीने वॉकर पुढे सरकवला आणि चाकाने एक ढीग पाडला. मग दुसरा. आतल्या विटा हिरवट ओल्या होत्या. "बघ," ती म्हणाली. "या वाळू नयेत अशाच लावल्यात."

"तीन आठवडे पाऊस पडतोय."

"अट्रॅक्टाचा फोन आला होता ना काल तुला? माझ्या खिडकीतून दिसलं. पाठ करून बोलत होतास."

"वारा होता म्हणून पाठ केली."

"वारा पश्चिमेचा होता. तू पश्चिमेला तोंड करून उभा होतास."

त्या दिवशी कोलमनने चाळीस ढीग मोडून पुन्हा लावले, सैल. रस्त्याने फेस्टी मोरन ट्रॅक्टरवरून गेला. "काय रे कोलमन, मार्क किती पडले?" असं ओरडला आणि हसत गेला. साठीच्या माणसाने मान खाली घालून विटा लावल्या.

जुलैअखेर रेडिओने सांगितलं, बुधवार, गुरुवार, शुक्रवार कोरडे. शुक्रवारी संध्याकाळपासून समुद्राकडून वादळ, आणि पुढे पंधरा दिवस त्याचंच बस्तान. म्हणजे तीन दिवस. फेस्टीचा ट्रॅक्टर बुधवारचा ठरला, वाडीतली आठ माणसं ठरली. आमच्याकडे एकाची टर्फ सगळे मिळून आणतात.

आणि मंगळवारी मावशी वारली.

रेडिओने तिचं नाव घेतलं, वय घेतलं. मागे भाची अट्रॅक्टा, भाचा कोलमन. बुधवारी चार ते आठ राहत्या घरी अंत्यदर्शन, शुक्रवारी अकराला दफन, फुलं नकोत.

दारातच गमबूट काढत असलेला कोलमन एका पायावर तसाच उभा राहिला.

"शांतपणे!" मावशी म्हणाली. "मी आजवर काय शांतपणे केलंय? कोणी दिलंय हे?"

"मला काय माहीत?"

"वाक्यं नीट आहेत. नावं वयाच्या क्रमाने आहेत. हे शिकलेल्या माणसाने लिहिलंय. तू शिकलायस."

"तूच शिकवलंस."

"म्हणूनच म्हणतेय."

कोलमनने रेडिओला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. मयताबद्दलची सूचना फक्त अंत्यविधी करणाऱ्याकडूनच घेतली जाते, मागे कोणीतरी चेष्टा केल्यापासून तसा नियम आहे, आणि आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. अंत्यविधी करणारा म्हणजे जार्लथ. तो सोमवारी सूचना देऊन एका मयताला बेटावर गेला होता, आणि बेटावर फोन लागत नाही.

दहा वाजता पहिला आला फेस्टी, ट्रेलरमध्ये चर्चच्या हॉलच्या चाळीस खुर्च्या घेऊन. मावशीने दार उघडलं. फेस्टीने टोपी काढली, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात सहभागी आहे, नर्सबाई." आमच्याकडे मयताच्या दारात जो उभा असेल त्याला हे म्हणायचं असतं. म्हणून झाल्यावर तो थोडा वेळ हात धरून उभा राहिला.

"कोण गेलं?" मावशीने विचारलं.

"तुम्ही."

"हं. ये आत."

दुपारपर्यंत स्वयंपाकघरात हॅमची दोनशे सँडविचं, चार फ्रूटकेक आणि चहाचा मोठा पिंप आला. प्रत्येकजण दारात मावशीला बघून थबकला आणि प्रत्येकाने तिचा हात हातात घेतला, कारण आता आलोच आहोत तर रीत मोडायची कशाला. मावशीने सगळ्यांना बसवलं, सँडविच दिलं आणि मग विचारलं, "उद्या आठला दलदलीत ना?"

चाळीस खुर्च्या करकरल्या.

"फेस्टी?"

"नर्सबाई, वाडीत मयत असलं की माती होईपर्यंत कोणी हत्याराला हात लावत नाही. तुम्हाला मी सांगायचं का?"

"मयत कुठंय?"

"ते मान्य आहे."

"मग?"

"पण रेडिओवर आलंय. आम्हाला दिसतंय तुम्ही बसलाय ते. पण शेजारच्या वाडीतल्या कीलबेगवाल्यांनी काय ऐकलंय? उद्या ते रस्त्याने जाणार, आणि आम्ही आठ जण तुमची माती व्हायच्या आधी दलदलीत! अन् तीही तुमचीच टर्फ ओढतोय! शंभर वर्षं ऐकवतील."

"त्यांना सांग मी जिवंत आहे म्हणून."

"प्रत्येक गाडी थांबवून?" फेस्टी म्हणाला. "शिवाय कबर खणायला पोरं सकाळीच गेली. उघडीय ती."

मावशीने कोलमनकडे बघितलं. तो चहाच्या पिंपाची तोटी पुसत होता. ती पुसून झालेली होती.

"टर्फ आली नाही की फायदा कोणाचा?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "विचारतेय नुसतं."

कोलमनचे कान लाल झाले. चाळीस माणसांनी चहात बघितलं.

बुधवारी आठला ऊन पडलं. मावशीने गमबूट चढवले, वॉकरला पोती बांधली आणि निघाली. शंभरेक पावलांवर मागून कोलमन आला. अंगात त्याचा एकुलता एक काळा सूट, टाय, खाली गमबूट.

"हे काय सोंग?"

"रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटेल, शोक करतोय."

"दलदलीत?"

"जिथे होतो तिथे माणूस करतो."

त्याने पोती भरायला सुरुवात केली. विटा वरून काळ्या, कडक, आत जरा दमट. सैल लावलेले चाळीस ढीग कडकडीत वाळले होते. बाकीचेही वाळले होते, हे मावशीने एक एक वीट मोडून बघितलं आणि बोलली नाही. ती वॉकरवर बसून पोत्यांची तोंडं सुतळीने बांधत होती. मोडलेलं मनगट दुखायचं तेव्हा सुतळी दातांनी ओढायची. कीलबेगच्या गाड्या जाताना हळू व्हायच्या. काळ्या सुटातला माणूस विटांच्या ढिगावर वाकलेला बघून एकाने छातीवर क्रॉसची खूण केली. कोलमनने मान हलवून त्याचे आभार मानले.

दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला सव्वीस पोती झाली, आणि ती न्यायला काही नाही. कोलमनचा ट्रॅक्टर मे महिन्यापासून मोडलेला होता. याचाही मावशीला संशय होताच.

दोन वाजता दलदलीच्या रस्त्याने शववाहिका आली. लांब, काळी, धुतलेली. जार्लथ खाली उतरला. मावशीला बघून त्याने आधी घड्याळ बघितलं.

"नर्सबाई, मी वेळेवर आलोय. बुधवारी दोनच्या आधी नको असं तुम्हीच लिहिलंत."

"मी?"

त्याने खिशातून पाकीट काढलं. मावशीने चष्मा लावला. तिचंच अक्षर. नऊ वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा तिने ते लिहून घड्याळामागे ठेवलं होतं, कारण शेवटचं काम कोणावर सोपवलं तर ते चुकवतील. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. वय आणि वार यांच्या जागा मोकळ्या. खाली रेघ मारून सूचना: घरी फोन करू नये, मंडळी दुःखात असतील. मला धुण्याचं काम माझ्या विद्यार्थिनी करतील. पेटी दफनाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनला आणावी, आधी लुडबूड नको.

"वय मी चर्चच्या वहीतून काढलं," जार्लथ म्हणाला. "बुधवार आणि शुक्रवार अंदाजाने घातले. सोमवारी पत्र आलं, म्हटलं तयारीला एक दिवस लागेल."

"आणि ते टपालपेटीत कोणी टाकलं?"

एवढ्यात ब्रीज थर्मास घेऊन रस्त्याने येत होती. तिने पाकीट बघितलं आणि लांबूनच हात वर केला, वर्गात करतात तसा. "मी टाकलं, बाई! शनिवारी. घड्याळ पुसताना दिसलं, तिकीट लावलेलं. न सांगता ओळखलं."

जार्लथचे आणि कोलमनचे हात थांबले. चिलटांना मात्र काम होतं.

"दहा," मावशी म्हणाली. दुसरं काही देता येत नव्हतं.

मग तिने कोलमनकडे बघितलं. तो सुतळीला गाठ मारत होता. टायला माती लागली होती. तिने एक वीट उचलली, मोडली, वास घेतला.

"वाळलीय," ती म्हणाली. "बरी लावलीयस."

"हं."

"ट्रॅक्टरचं काय झालंय?"

"पंप गेलाय. सुटा भाग आला नाही."

"हं."

कोलमनने पाकिटातला कागद मागितला, हात सुटाला पुसून वाचला, परत दिला. "भाचा लिहिलंस."

"आहेसच."

"आहेच," तो म्हणाला आणि पुढचं पोतं धरलं.

मावशी कागदाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, जसं एखाद्या हुशार मुलीच्या पेपरकडे बघावं आणि चूक तर दिसावी. मग तिने कागद घडी करून गमबुटात घातला आणि शववाहिकेला वॉकरने ठोकलं. "जार्लथ, यात किती पोती मावतात?"

"नर्सबाई!"

"पेटी काढून ठेवली तर?"

जार्लथला या जगात तिनेच ओढून आणलं होतं, पायाळू, नऊ तासांनी. त्याने काळा कोट काढून घडी घातला.

तीन दिवस रस्त्यावर चालू शकेल आणि कोणी बोट दाखवणार नाही असं एकच वाहन होतं, आणि ते टर्फ वाहत होतं. पोत्यांवर जांभळं कापड, पुढे जार्लथ, बाजूला तोंडावर काळी शाल ओढून मावशी. ताशी दहा मैल, कारण जार्लथला त्याहून जोरात चालवता येत नव्हतं. कीलबेगच्या शिवेवर माणसं टोप्या काढून उभी राहायची. "काय मान मिळाला बाईला," ती म्हणायची, "तीन दिवस नुसती फिरवतायत." गुरुवारी ती घरी न्यायच्या वाटेवर सहाव्यांदा दिसली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "फार जीव होता घरात." शुक्रवारी अकराला, म्हणजे दफनाच्या वेळी, खेप वाटेतच होती. पोरांनी उघडी कबर पत्र्याने झाकली आणि पत्र्यावर दगड ठेवले, वादळ येणार म्हणून.

पाचला वारा सुटला. टर्फ अर्धी घरी आली होती. अर्धी दलदलीत राहिली, आणि सहाला ती पुन्हा माती व्हायला लागली.

अट्रॅक्टा बुधवारी संध्याकाळीच आली होती, काळ्या झग्यात, मोठं भांडंभर स्ट्यू घेऊन. दारात मावशी दिसल्यावर ती तिच्या गळ्यात पडून इतकी रडली, की मावशीने तिची नाडी बघितली. पण शुक्रवारी ती करार घेऊन बसली.

"अर्धीच आलीय, मावशी."

"किती ते लिहिलंय का कुठे?"

अट्रॅक्टाने कागद उलटा करून बघितला. लाल पेन्सिलीच्या दोन खुणा होत्या. किती ते नव्हतं. "कोलमन, तू हे असं कसं लिहिलंस?"

"विसरलो," कोलमन म्हणाला. भावाकडे बघताना अट्रॅक्टाच्या चेहऱ्यावर मावशीचा संशय आला, तोच, भुवईसकट. मावशीनेही त्याच्याकडे बघितलं. तो स्ट्यू खात होता.

अट्रॅक्टाने होमला फोन केला, हिवाळाभर तरी खोली राखून ठेवा म्हणून. तिथल्या बाईंनी सांगितलं, खोली मंगळवारीच दुसऱ्याला दिली, आम्हीही रेडिओ ऐकतो. नाव पुन्हा यादीत घालायचं तर बाई हयात असल्याचा दाखला लागेल, आणि यादी तीन वर्षांची आहे.

"अर्धी टर्फ फेब्रुवारीपर्यंत पुरेल फार तर," अट्रॅक्टा म्हणाली.

"मीही तेवढी पुरले तर बघू," मावशी म्हणाली आणि चुलीत दोन विटा घातल्या. धूर आधी खोलीत आला, मग त्याला रस्ता सापडला.

रविवारी तिने रेडिओला पत्र लिहिलं. ते घड्याळामागे न ठेवता ब्रीजच्या हातात दिलं.

प्रति, व्यवस्थापक, मृत्युसूचना विभाग. विषय: गेल्या मंगळवारच्या सूचनेत दुरुस्ती करणेबाबत. महोदय, खाली सही करणारी आपल्या सूचनेप्रमाणे वारलेली असून तिची प्रकृती उत्तम आहे. विनंती की, अर्जदारास दलदल, टर्फ, शेजारी आणि चूल या बाबतींत हयात समजण्यात यावं, आणि वृद्धांच्या होमच्या बाबतीत, त्यांची यादी संपेपर्यंत, मृत समजण्यात यावं. सूचनेतला 'शांतपणे' हा शब्द काढावा, त्याला आधार नाही. तसंच सूचनेत 'भाचा कोलमन' असं वाचण्यात आलं, ते चूक आहे. चूक आपल्या कार्यालयाची नसून लिहिणारीची आहे, आणि साठ वर्षं जुनी आहे, त्याबद्दल तिचे गुण कापावेत. तरी सकाळच्या बातम्यांनंतर, ज्या वेळी सर्व वाड्या आणि विशेषतः कीलबेग ऐकत असतात, ती सूचना पुन्हा एकदा पूर्ण वाचण्यात यावी, आणि त्या जागी 'मुलगा' असं वाचावं, ही नम्र विनंती.